आईच्या पासबुकातले ८४९ रुपये ६० पैसे: एटीएम, डेबिट कार्ड आणि न सांगता कापलं जाणारं शुल्क

विडीघरकुल

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांब झालाय, पण आकडे मांडल्याशिवाय विषय कळणार नाही.

माझी आई सोलापुरात विड्या वळते. लहानपणापासून वळते. कारखान्यात विड्या देऊन आली की पूर्वी मजुरी हातात पडायची. नोटबंदीनंतर ती खात्यावर यायला लागली. खातं ज्या बँकेत आहे तिची शाखा आमच्यापासून लांब, जाऊन-येऊन रिक्षाचे पैसे जातात. कोपऱ्यावर एटीएम आहे, ते दुसऱ्या बँकेचं.

मी पुण्यात कामाला असतो. दिवाळीला घरी आलो तेव्हा आईनं पासबुक पुढं ठेवलं आणि म्हणाली, "हे बघ रे, मला हिशोब लागंना." वर्षभराच्या नोंदी मी वहीत उतरवल्या. डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क २३६ रुपये. एसएमएसचे दर तिमाहीला १७ रुपये ७० पैसे, म्हणजे वर्षाचे ७० रुपये ८० पैसे. दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढल्याबद्दल एप्रिलपर्यंत सहा वेळा २४ रुपये ७८ पैसे, मे महिन्यापासून आठ वेळा २७ रुपये १४ पैसे. नुसती शिल्लक बघितल्याचे नऊ वेळा ११ रुपये ८० पैसे. आणि खात्यात तेवढे पैसे नसताना काढायला गेल्याचे तीन वेळा २३ रुपये ६० पैसे. बेरीज ८४९ रुपये ६० पैसे. आईच्या चार दिवसांच्या विड्या.

एवढ्या वेळा एटीएमला का जायचीस, म्हणून विचारलं. उत्तर साधं होतं. मजुरी कधी सोमवारी पडते, कधी गुरुवारी. फोन बटणाचा. बँकेचा मेसेज येतो तो इंग्रजीत. घरात आम्ही तेलुगू बोलतो, आईला मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. मजुरी पडली का हे कळायला ती कोपऱ्यावर जाते, कार्ड घालते, मराठी निवडते आणि पावतीवरचा शेवटचा आकडा बघते. पडली नसेल तर परत येते. दोन दिवसांनी पुन्हा जाते. त्या पावत्या तिनं पानं कातरायच्या कात्रीखाली दाबून ठेवल्या होत्या, तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या. शाई उडून काही तर कोऱ्या झाल्यात.

आता नियम. रिझर्व्ह बँकेनं दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरांत महिन्याला तीन आणि इतर ठिकाणी पाच व्यवहार फुकट ठेवलेत. महानगरं म्हणजे मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद ही सहाच. सोलापूरला पाच. त्यापुढच्या व्यवहाराला जास्तीत जास्त २१ रुपये आणि वर जीएसटी असं होतं, १ मे २०२५ पासून ते २३ रुपये झालं. आईच्या पासबुकातले २७.१४ म्हणजे हे २३ आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी.

खरी मेख पुढं आहे. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर शिल्लक बघितली तरी तो व्यवहार पाचांत धरला जातो. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर बघितली तर धरत नाहीत, ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकात तसं स्पष्ट लिहिलंय. आईचे पाच व्यवहार मजुरी पडली का हे बघण्यातच संपायचे. मग घरासाठी पाचशे काढले तरी २७ रुपये जायचे. हे तिला कुणी सांगितलं नाही. शाखेत नाही, मशीनवर नाही, तिला वाचता येईल अशा मेसेजमध्ये तर नाहीच.

शुल्क घेऊच नका असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्याचे पैसे कापायचे त्याला कापण्याआधी, त्याला कळेल अशा भाषेत सांगा. तुमच्या घरी कुणाचं असं झालंय का? आणि कायदा-नियमातलं जाणकार कुणी असेल तर पुढचा रस्ता सांगा.

सातरस्ता

दादा, वाचून हात थांबला. माझ्या सासूबाईंची निराधार पेन्शन येते, त्याही दर दोन दिवसांनी "आली का बघून ये" म्हणून नातवाला कार्ड देऊन पाठवतात. आजच पासबुक भरून आणते.

निवृत्त रोखपाल

मी बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी सोलापूर जिल्ह्यात. बँकेची बाजूही मांडतो, राग मानू नका.

तुमच्या आईंनी दुसऱ्या बँकेचं मशीन वापरलं की त्यांची बँक मशीनवाल्या बँकेला पैसे देते. रोख काढली तर १९ रुपये, नुसती चौकशी केली तर ७ रुपये. १ मे २०२५ पूर्वी हे १७ आणि ६ होतं. फुकटच्या पाच व्यवहारांतही हा खर्च आईंच्या बँकेला पडतोच. मशीनमध्ये रोख भरणारी गाडी, रखवालदार, वीज, भाडं, कुणीतरी हे भरतंय. फुकट काहीच नसतं.

पण तुमचा मुख्य मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे, आणि तो नियमातही आहे. ऑगस्ट २०१४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलंय की ग्राहकाचे महिन्यातले किती फुकट व्यवहार वापरून झाले आणि पुढं शुल्क लागू शकतं, हे त्याला कळवण्याची व्यवस्था ठेवा. म्हणजे न सांगणं ही बँकेची चूक आहे. तक्रार लिहिताना हा मुद्दा सगळ्यात वर ठेवा.

आता आईंसाठी. त्यांचं खातं साध्या बचत खात्यातून मूलभूत बचत ठेव खात्यात बदलून घ्या. शाखेत त्याला बीएसबीडी म्हणतात. त्यात किमान शिल्लक लागत नाही, एटीएम कार्ड मिळतं आणि त्याचं वार्षिक शुल्क नाही. बाहेरून जमा होणाऱ्या पैशाला काही लागत नाही. महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं फुकट, एटीएम धरून. त्याच बँकेत दुसरं बचत खातं मात्र ठेवता येत नाही. आणि चारची मर्यादा लक्षात ठेवून काढावं लागेल, नाहीतर आगीतून फुफाट्यात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलं तर काउंटरवरचा मुलगा "बघतो" म्हणेल आणि ते तिथंच राहील. मीही नोकरीत असताना कितीतरी वेळा "बघतो" म्हटलंय, ते आज मनाला लागतं.

अजून एक. डेबिट कार्ड घेतलंच पाहिजे अशी सक्ती बँकेला करता येत नाही, २०२२ च्या कार्डांबद्दलच्या निर्देशांत ते आहे. ज्यांना कार्ड लागतच नाही त्यांनी ते लेखी परत करावं, वार्षिक शुल्क थांबतं.

विडीघरकुल

काका, मनापासून धन्यवाद. १९ आणि ७ रुपयांचं मला माहीत नव्हतं. म्हणजे फुकटचे पाच संपल्यावर आईनं एकदा शिल्लक बघितली की तिच्या बँकेचे ७ जातात आणि आईचे ११.८० जातात. हे आईला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्यांनी मला सांगायचं की, मी फोन करून विचारलं असतं."

निवृत्त रोखपाल

बटणाच्या फोनवरही सोय आहे. बहुतेक बँकांचा मिस्ड कॉल नंबर असतो, खात्याला जोडलेल्या मोबाइलवरून वाजवला की शिल्लक मेसेजनं येते. आकडा तर आकडाच असतो, तो आईंना वाचता येईल. दुसरं, *९९# दाबून मेनू येतो, इंटरनेट लागत नाही. त्यासाठी मोबाइल कंपनी पूर्वी जे पैसे लावायची ते २०२२ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं बंद केले. आधी नंबर खात्याला जोडलेला आहे ना तेवढं तपासा.

चाटीगल्ली

आमचं कापडाचं दुकान आहे, तिसरी पिढी. कार्डाच्या शुल्काची दुसरी बाजू मी सांगतो, कारण इथं गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघंही गोंधळलेले असतात.

कार्ड घासलं की बँक दुकानदाराकडून टक्केवारी घेते, त्याला एमडीआर म्हणतात. डेबिट कार्डावर ती किती घ्यायची याला रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्ये मर्यादा घातली: दोन हजारांपर्यंत पाऊण टक्का, त्यापुढं एक टक्का. १ जानेवारी २०१८ पासून ती दुकानाच्या उलाढालीवर लावली. वीस लाखांपर्यंत उलाढाल असेल तर ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही. त्याहून मोठ्या दुकानाला ०.९० टक्के, १००० रुपयांच्या वर नाही. क्यूआरवर दोन्हीकडं ०.१० टक्का कमी.

मग १ जानेवारी २०२० पासून सरकारनं रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांच्यावरचा एमडीआर शून्य केला. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्यात त्यासाठी १०अ कलम घातलंय. म्हणून आज माझ्या दुकानात तुम्ही रुपे डेबिट घासलं तर मला काही पडत नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट घासलं तर ०.४० किंवा ०.९० च्या आत पडतं. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादाच नाही, तिथं दीड-दोन टक्के जातात. यंत्राचं महिन्याचं भाडं वेगळं.

आता गिऱ्हाइकानं लक्षात ठेवायचं ते असं. डेबिट कार्डानं पैसे देताना दुकानदार "दोन टक्के जादा पडतील" म्हणाला तर ते चूक आहे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच सांगितलंय की डेबिट कार्डाचा एमडीआर गिऱ्हाइकावर टाकणं समर्थनीय नाही, आणि असं करणाऱ्या दुकानदाराशी बँकेनं संबंध तोडावेत. आमच्या पेठेतच काही जण लग्नाच्या बस्त्यावर सर्रास दोन टक्के लावतात. तीस हजारांच्या बस्त्यावर सहाशे रुपये! मी वडिलांना विचारलं होतं, आपणही लावू का. ते म्हणाले, "गिऱ्हाईक आपल्याकडं लग्नाला येतं, त्याच्याकडनं बँकेचं भाडं घ्यायचं नाही." तेव्हापासून आमच्याकडं लावलं नाही.

पण सरकारलाही एक सांगायचंय. एमडीआर शून्य केला, छान केलं. मग यूपीआय चालवायचा खर्च कुणी सोसायचा? सरकार बँकांना प्रोत्साहन रक्कम देतं. २०२४-२५ साठी १५०० कोटींची योजना मंजूर झाली, लहान दुकानदाराच्या दोन हजारांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारावर ०.१५ टक्के. ही रक्कम दर वर्षी ठरते. उद्या आटली तर बँका तो खर्च कुठून काढणार? मला भीती ही वाटते, की तो अशाच आयांच्या पासबुकातून निघेल.

पार्कचौक

चाटीगल्लीवाले दादा, शेवटचं वाक्य अगदी खरं. मोठ्या गिऱ्हाइकाला सगळं माफ असतं. ज्याच्या खात्यात लाख-दोन लाख पडून आहेत त्याला कार्ड फुकट, एटीएम अमर्याद. ज्याच्या खात्यात सातशे आहेत त्याला प्रत्येक वेळी कात्री.

मोहोळचा कांदा

माझा अनुभव सांगतो, कुणाच्या तरी कामाला येईल. सोलापूर मार्केट यार्डात कांदा घातला, पट्टीचे पैसे खात्यावर आले. काढणीच्या बायकांना रोख द्यायचे म्हणून एटीएममधून दहा हजार काढायला गेलो. मशीन खडखडलं, मेसेज आला दहा हजार वजा, नोटा काही बाहेर आल्या नाहीत. मागं लई गर्दी, मशीन बंद. बायका ट्रॅक्टरमध्ये बसलेल्या. पाहुण्याकडनं उसने घेऊन दिले त्या दिवशी.

शाखेत गेलो तर "सात दिवसांत येतील". सात झाले, दहा झाले. माझ्या मेहुण्यानं सांगितलं की सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. एटीएममध्ये पैसे वजा होऊन नोटा आल्या नाहीत तर पाच दिवसांत परत आलेच पाहिजेत, त्यापुढं दर दिवसाला १०० रुपये भरपाई. आणि ती बँकेनं आपणहून द्यायची, मागायची वाट बघायची नाही. माझे पैसे सतराव्या दिवशी आले. भरपाई शून्य. एक पानी अर्ज लिहिला: व्यवहाराची तारीख, मशीन कुठलं, पैसे परत आल्याची तारीख, सतरा वजा पाच बारा दिवस, बाराशे रुपये. आठवड्यानं बाराशे जमा झाले. अर्ज केला नसता तर ते कुणी दिले नसते की ओ.

मोबाइलवरून पैसे पाठवायच्या आयएमपीएस आणि यूपीआयचंही तसंच. माणसाला पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत, त्यापुढं शंभर रुपये रोज. दुकानदाराला यूपीआय केलं आणि अडकलं तर पाच दिवस.

सातरस्ता

मोहोळचे दादा, हे मला आजवर माहीतच नव्हतं. आणखी एक विचारते, थोडं घाबरत. माझ्या भाच्याच्या खात्यातून रात्रीतून बावीस हजार गेले. त्यानं ओटीपी कुणाला दिला नाही, लिंक दाबली नाही असं तो शपथेवर सांगतो. कालची गोष्ट आहे. शाखेत "पोलिसात जा" म्हणतात, पोलिसात "बँकेत जा" म्हणतात. काय करावं?

निवृत्त रोखपाल

ताई, आत्ताच्या आत्ता. आधी १९३० वर फोन. तो सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे. पैसे पुढच्या खात्यात पडले असतील तर ते गोठवता येतात, पण प्रत्येक तास मोलाचा आहे. मग बँकेच्या ग्राहक सेवा नंबरवर कळवून कार्ड आणि ऑनलाइन व्यवहार बंद करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. मग शाखेत लेखी. या क्रमानं.

६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक तुमच्या भाच्याच्या बाजूनं आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच जबाबदारी नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधेच कुठंतरी गळती झाली, तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजार, बीएसबीडीला पाच हजार. सातच्या पुढं बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम खात्यावर दाखवायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा. आणि लक्षात ठेवा, ग्राहकाची चूक होती हे बँकेनं सिद्ध करायचं असतं, ग्राहकानं नाही.

ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. भाच्याला ओरडू नका, शांतपणे खरं काय झालं ते विचारा, म्हणजे अर्जात तेच लिहिता येईल.

सातरस्ता

१९३० लागला काका. नंबर मिळाला तक्रारीचा. आता बँकेत निघालोय.

बुधवारपेठ

सहकारी बँकांना हे लागू आहे का? आपल्या सोलापुरात निम्म्या लोकांची खाती तिथंच आहेत.

निवृत्त रोखपाल

फसवणुकीच्या जबाबदारीचा नियम सहकारी बँकांनाही लागू आहे, त्यांचं परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघालं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं, मात्र ५० कोटींच्या वर ठेवी असलेल्याच नागरी सहकारी बँकांची तक्रार जाते.

पतसंस्था वेगळी. ती बँक नाही. तिचं काम सहकार कायद्याखाली निबंधकांकडं चालतं, रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तिथं काही करू शकत नाही. बोर्डावर मोठ्या अक्षरात काहीही असो, खातं उघडताना हे आधी विचारून घ्यावं. हा मुद्दा मी नोकरीतही ओरडून सांगायचो.

ह्यूस्टनहून सोलापूरकर

मूळचा अशोक चौकातला, आता अमेरिकेत. इकडचं थोडं सांगतो, तुलना करायला उपयोगी पडेल.

इथं इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्सफरचा कायदा १९७८ चा, त्याखालच्या नियमांना रेग्युलेशन ई म्हणतात. कार्ड हरवलं आणि दोन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर नुकसान ५० डॉलरच्या वर आपल्यावर येत नाही. उशीर केला तर ५०० डॉलरपर्यंत. आणि स्टेटमेंट आल्यावर साठ दिवसांत त्यातला चुकीचा व्यवहार कळवला नाही तर त्यानंतरचं पुढचं सगळं नुकसान आपलं होऊ शकतं. वेळेत कळवणं इथंही सगळ्यात महत्त्वाचं.

दुकानदाराच्या शुल्काला २०१० च्या कायद्यातल्या डर्बिन दुरुस्तीनं हात घातला. ऑक्टोबर २०११ पासून मोठ्या बँकांना, म्हणजे ज्यांची मालमत्ता १० अब्ज डॉलर किंवा जास्त आहे त्यांना, डेबिट कार्डाच्या व्यवहारामागं २१ सेंट आणि रकमेच्या ०.०५ टक्के एवढंच घेता येतं, फसवणूक रोखायची व्यवस्था ठेवणाऱ्याला वर एक सेंट. लहान बँकांना ही मर्यादा नाही. यूपीआयसारखं शून्य इथं नाही.

पण विडीघरकुलदादांच्या प्रश्नाला थेट लागू पडणारी गोष्ट एटीएमची आहे. दुसऱ्याच्या एटीएमवर शुल्काची रक्कम किती असावी याला इथं केंद्रीय मर्यादा नाही, दोन-तीन डॉलर सहज जातात, आणि आपली बँक वर वेगळे लावते ते निराळंच. त्या बाबतीत भारत पुष्कळ बरा. मात्र मशीनवाल्यानं शुल्क घेण्याआधी पडद्यावर आकडा दाखवलाच पाहिजे आणि "नको" म्हणायची सोय दिलीच पाहिजे. मी पहिल्यांदा इथं आलो तेव्हा पडद्यावर ३ डॉलर बघून "नको" दाबलं आणि पाच ब्लॉक चालत माझ्या बँकेच्या मशीनला गेलो. तुमच्या आईंना तो पडदा दिसला असता तर त्यांनीही तेच केलं असतं.

विडीघरकुल

दादा, मला तेच म्हणायचं होतं आणि नीट शब्द सापडत नव्हते. "या महिन्यातले तुमचे पाच व्यवहार झाले, आता २७ रुपये १४ पैसे लागतील, पुढं जायचं का?" एवढी एक ओळ. मराठीत. एटीएम मराठी बोलतं, पावतीला कागद लावतं, मग एवढी ओळ का दाखवू शकत नाही?

होटगीरोड

सगळं वाचलं. मत वेगळं आहे, स्पष्ट मांडतो. वर्षाचे साडेआठशे म्हणजे महिन्याला सत्तर रुपये. त्यासाठी बँका, परिपत्रकं, लोकपाल... माणसानं आपला वेळ कुठं घालवायचा? यूपीआय शिकवा आईंना, प्रश्न मिटला.

विडीघरकुल

मत मांडलंत, आभार. पण दोन गोष्टी. आई दिवसाला हजार विड्या वळते, त्याला सूप मांडीवर घेऊन सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसावं लागतं. सत्तर रुपये म्हणजे तिच्यासाठी एका दिवसातले तीन तास. मी पुण्यात तीन तासांत जे कमावतो ते कुणी न सांगता दर महिन्याला कापलं असतं, तर मी गप्प बसलो नसतो.

दुसरं, आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या चाळीस-पन्नास बायका आहेत. सगळ्यांची खाती अशीच. यूपीआय शिकवीनच, पण ज्या बाईकडं बटणाचा फोन आहे तिनं स्मार्टफोन घेईपर्यंत तिचे पैसे कापत राहायचे, हे मला पटत नाही.

होटगीरोड

तीन तासांचा हिशोब लक्षात आला. माझं वाक्य मागं घेतो. अर्ज टाइप करायला मदत लागली तर सांगा, मराठी टायपिंग येतं मला.

चाटीगल्ली

एक अजून, विसरलो होतो. शाखेत जाऊन एनईएफटीनं दुसऱ्या बँकेतल्या खात्यावर पैसे पाठवणाऱ्यांसाठी. मोबाइल किंवा नेट बँकिंगनं केलेल्या एनईएफटीवर बचत खात्याला जानेवारी २०२० पासून काहीच लागत नाही. शाखेत चिठ्ठी भरून केलं तर दहा हजारांपर्यंत अडीच रुपये, एक लाखापर्यंत पाच, दोन लाखांपर्यंत पंधरा, वर पंचवीस, अधिक जीएसटी. त्याहून जास्त कापलं असेल तर विचारा. ज्याच्या खात्यात पैसे येतात त्याच्याकडनं काही घेता येत नाही.

आणि सूतवाल्यांना आरटीजीएसनं मोठी रक्कम पाठवणाऱ्यांनी हे वापराच: एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस-एनईएफटी करताना खाते क्रमांक टाकला की समोरच्याचं नाव दिसायला हवं, फुकट. मागं आमच्या ओळखीतल्या एका कारखानदाराचे तीन लाख एका आकड्याच्या चुकीनं भलतीकडं गेले, ते परत मिळवायला त्याला चार महिने लागले.

सातरस्ता

कळवायचं राहिलं. भाच्याच्या पैशांतले चौदा हजार पुढच्या खात्यात गोठवलेत असं पोलिसांनी सांगितलं. बाकीच्यांसाठी बँकेत लेखी तक्रार दिली, पोच घेतली, दुसऱ्याच दिवशी कळवल्याचं त्यात लिहिलंय. रोखपाल काका, तुमच्यामुळं क्रम चुकला नाही.

निवृत्त रोखपाल

छान झालं ताई. दहाव्या कामकाजाच्या दिवशी खातं बघा. रक्कम दिसली नाही तर इथं लिहा.

विडीघरकुल

मंडळी, पाच आठवडे झाले, काय झालं ते सांगतो.

होटगीरोडदादांनी अर्ज टाइप करून दिला. दोन अर्ज केले: एक खातं बीएसबीडीत बदलण्याचा, दुसरा शुल्क परत करण्याचा. आईला बरोबर घेऊन शाखेत गेलो. काउंटरवर म्हणाले, "असं खातं बदलता येत नाही, नवीन काढावं लागेल." मी परिपत्रकाची प्रत पुढं केली. आत गेले, दहा मिनिटांनी बाहेर आले आणि आईला बसायला खुर्ची दिली. अर्जावर शिक्का मिळाला. आईनं सही केली, मराठीत, हळूहळू, अक्षर न अक्षर सुटं.

खातं बदललंय. नवीन रुपे कार्ड आलं, त्याचं शुल्क नाही. जुन्या कार्डाचे २३६ रुपये परत जमा झाले. मिस्ड कॉलचा नंबर तिच्या फोनमध्ये एक नंबरच्या बटणावर टाकलाय, दाबून धरलं की लागतो. चारची मर्यादाही समजावली: मजुरी पडली की मिस्ड कॉल, मग आठवड्याचं एकदम काढायचं.

एटीएमच्या शुल्काबद्दल मात्र बँकेचं उत्तर आलं की ते नियमानुसार आहे. फुकट व्यवहार संपल्याचं कधी कळवलं होतं, या प्रश्नाचं उत्तरच त्यात नाही. तीस दिवस पूर्ण झाले म्हणून काल रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार टाकली. त्याला एक रुपया लागत नाही, वकील लागत नाही. शंका असेल तर १४४४८ वर विचारता येतं. तक्रारीत २०१४ च्या परिपत्रकाचा उल्लेख केलाय आणि पासबुकाच्या पानांचे फोटो जोडलेत. उत्तर आलं की याच धाग्यात टाकीन.

परवा रविवारी आईनं गल्लीतल्या बायकांना बोलावलं. सहा जणी आल्या, पासबुकं पदरात गुंडाळून. मी वाचत गेलो, आई वहीत आकडे लिहीत गेली. सगळ्यात जास्त एकीचे निघाले, अकराशे आणि काही. तिला ते ठाऊकच नव्हतं. ती म्हणाली, "मला वाटलं कारखान्यातच कमी देतात." तिचा अर्ज उद्या देतोय.

होटगीरोड

बाकीच्या पाच जणींचे तपशील पाठवा. आज रात्री टाइप करून ठेवतो.